सातबाऱ्यामागचा कायदा नेमका कुठे सापडतो?

परभणी जिल्ह्यातल्या अनेक सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात 'कूळ कायदा कलम 38-ई' किंवा 'कलम 50-ब' असा शेरा असतो. जमीन विकायची वेळ आली की हा शेरा आडवा येतो आणि घरातलं शिकलेलं पोरगं मोबाइलवर 'कूळ कायदा' असे शब्द टाकून शोधू लागतं. माहिती भरपूर मिळते. 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कलम 32-ग खाली जमिनीची किंमत ठरवणे, कलम 43 ची विक्रीवरची बंधने, सगळे काही सोप्या मराठीत मांडलेले असते. त्यातला शब्दन् शब्द बरोबर असू शकतो, पण त्यातले एकही कलम परभणीच्या जमिनीला लागू नसते. ही कलमे 1948 च्या मुंबई कूळ कायद्यातली, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशातली. परभणीच्या जमिनीला लागू आहे तो हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. कायद्याची माहिती ऑनलाइन मिळणे आणि आपल्याला लागू असलेला कायदा मिळणे यांत किती अंतर असते, ते समजण्यासाठी सातबाऱ्यावरचा हा एक शेरा पुरेसा आहे.

या अंतराचे मूळ इतिहासात आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद राज्य भारतात विलीन झाल्यावर तिथल्या कुळांसाठी 1950 चा कायदा आला आणि 'संरक्षित कूळ' हा वर्ग त्याच कायद्याने पक्का केला. 1956 साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणा आंध्रात गेला आणि कन्नड जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. जमिनीचा कायदा मात्र प्रत्येक तुकड्याबरोबर गेला. कर्नाटकाने पुढे स्वतःचा 1961 चा जमीन सुधारणा कायदा केला. तेलंगणात तोच जुना कायदा नाव बदलून टिकला आणि महाराष्ट्रात मराठवाड्यापुरता 'हैदराबाद' या नावानेच चालू राहिला. त्यामुळे आज एकट्या महाराष्ट्रात तीन कूळ कायदे आहेत: मुंबईचा 1948 चा, हैदराबादचा 1950 चा आणि विदर्भाचा 1958 चा. परभणीच्या उत्तरेला बुलढाणा जिल्हा लागतो. तिथे पाऊल टाकले की कायदा बदलतो आणि कलमांचे आकडेही बदलतात. उलट राज्याची सीमा ओलांडून तेलंगणातल्या आदिलाबादेत गेलो तर संरक्षित कुळाला मालकी देणारे हेच कलम 38-ई पुन्हा भेटते. 'सादा विरुद्ध तहसीलदार, उटनूर' या 1987 च्या खटल्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या कलमाचा सखोल अर्थ लावला. ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष ताबा नसला, तरी संरक्षित कुळाचा दर्जा टिकून असेल तर त्याला मालकी मिळू शकते, असा तो निर्णय होता. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्याकडे बंधनकारक नसतो, पण कायद्याचे शब्द सारखे असले की तो विचारात घेतला जातो. म्हणजे परभणीच्या शेतकऱ्याला आपल्या हक्काचा अर्थ समजून घ्यायचा तर त्याचा शोध हैदराबादपर्यंत जायला हवा.

इथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही. प्रत्येक नागरिकाला कायदा ठाऊक आहे, हे राज्य गृहीत धरते. तसे गृहीत धरायचे असेल तर तो कायदा नागरिकाच्या हाती पोचवण्याची जबाबदारीही राज्याचीच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितले. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये अफूविषयीचा एक कायदा केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला. 1951 मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो दंड रद्द केला. बंद खोलीत केलेला आणि लोकांना कळण्याची कोणतीही सोय नसलेला कायदा लोकांवर लादणे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असे त्यांनी ठरवले. त्या काळी प्रसिद्धी म्हणजे राजपत्र. आज राजपत्रही ऑनलाइन निघते आणि कायद्याने ते पुरेसे आहे. पण ज्या अर्थाने बोस यांनी 'कळण्याची सोय' मागितली, त्या अर्थाने विचार केला तर आजची प्रसिद्धी अपुरी आहे. कायदा ज्याला पाळायचा आहे त्याला तो फुकट, चालू स्वरूपात, त्याच्या भाषेत आणि तो कुठे लागू आहे हे कळेल अशा रीतीने मिळाला, तरच तो प्रसिद्ध झाला असे म्हणता येईल.

ही मागणी अवाजवी नाही, कारण जगात तिची बरीचशी पूर्तता झाली आहे. 1992 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने कायद्याची माहिती इंटरनेटवर विनामूल्य द्यायला सुरुवात केली. 1995 मध्ये सिडनीच्या दोन विद्यापीठांच्या विधी विभागांनी मिळून 'ऑस्टएलआयआय' ही संस्था उभी केली आणि ऑस्ट्रेलियातले कायदे व निकाल सर्वांना खुले केले. ब्रिटन व आयर्लंडसाठी 'बेलीआयआय', कॅनडासाठी 'कॅनएलआयआय', पॅसिफिकमधल्या बेटांसाठी 'पॅकएलआयआय', आफ्रिकेच्या दक्षिण भागासाठी 'सॅफएलआयआय' अशा संस्था त्यामागून आल्या. 'वर्ल्डएलआयआय'ने अनेक देशांचा शोध एका जागी आणला. 2002 मध्ये माँट्रियल इथे या संस्थांनी एक जाहीरनामा केला. कायद्याची सार्वजनिक माहिती हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे आणि ती कुणालाही विनामूल्य मिळाली पाहिजे, असे त्याचे सार आहे. सरकारेही मागे राहिली नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर अनेक कायद्यांचा आजचा पाठ वाचता येतो आणि मागच्या एखाद्या तारखेला तो कसा होता हेही पाहता येते. स्वित्झर्लंडमध्ये 2016 पासून संकेतस्थळावरचा पाठच अधिकृत मानला जातो आणि जर्मन, फ्रेंच व इटालियन या तिन्ही भाषांतले पाठ सारख्याच तोलाचे असतात. युरोपीय संघ आपले कायदे चोवीस भाषांत देतो.

भारत या प्रवासात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे 'इंडिया कोड'वर आहेत. परभणीच्या न्यायालयातल्या दाव्याची पुढची तारीख आणि त्यातले आदेश 'ई-कोर्ट्स'वर घरबसल्या दिसतात. जिल्ह्यात किती दावे तुंबले आहेत, हे राष्ट्रीय न्यायिक माहितीजालावर कुणीही पाहू शकतो. औरंगाबाद खंडपीठाचे निकाल उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि जानेवारी 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालसंग्रहही 'ई-एससीआर' या नावाने विनामूल्य झाले आहेत. त्याआधीच, 2008 मध्ये, सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने 'इंडियन कानून' सुरू करून वकिलांच्या महागड्या पुस्तकांतले निकाल सामान्य माणसासमोर ठेवले होते. कायदाही या कामाच्या बाजूने आहे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 नुसार न्यायालयाचा निकाल छापणे हा हक्कभंग ठरत नाही. निकालाच्या मूळ मजकुरावर कुणा प्रकाशकाची मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे आपल्याकडे कायद्याचा साठा आहे आणि दारही उघडे आहे. अडते ते पुढच्या टप्प्यावर.

पहिली अडचण चालू पाठाची. वर उल्लेखलेले कलम 50-बच पाहू. या कायद्याखाली कुळाने मिळवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, असे जुनी पुस्तके आणि जुन्या छापील प्रतींची स्कॅन केलेली पाने सांगतात. पण 2014 साली अंमलात आलेल्या दुरुस्तीने चित्र बदलले. खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून, घेणारा शेतकरी असणे आणि कमाल जमीनधारणा व तुकडेबंदी यांच्या अटी पाळून, पूर्वपरवानगीविना विक्री होऊ शकते. जुना पाठ वाचणारा माणूस परवानगीसाठी हेलपाटे घालत राहील. नवा पाठ वाचणारा थेट नजराण्याची चौकशी करील. दोघांनीही कायदा ऑनलाइनच वाचलेला असेल. फौजदारी कायद्यातही हेच झाले आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे प्रसिद्ध कलम 420 नव्या संहितेत कलम 318 मध्ये गेले, पण शोधयंत्र आजही जुन्याच आकड्यांचे लेख वर आणते. शासन निर्णयांची गत तर याहून बिकट आहे. एक रुपयात पीकविमा ही योजना 2023 मध्ये आली आणि 2025 च्या खरिपापासून बंद होऊन शेतकऱ्याला पुन्हा हप्त्यातला आपला वाटा भरावा लागला. सोयाबीन आणि कापसावर जगणाऱ्या जिल्ह्यात यातला कोणता शासन निर्णय आज चालू आहे, हे कळणे हा घरखर्चाचा प्रश्न आहे. शासनाच्या संकेतस्थळावर निर्णय सापडतात, पण नंतरच्या निर्णयाने आधीचा रद्द झाला की नाही, ते जुन्या कागदावर लिहिलेले नसते.

दुसरी अडचण भाषेची. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते आणि कायद्यांचा इंग्रजी पाठ अधिकृत मानला जातो. विधिमंडळाने कायदा मराठीत केला तरी त्याचा राजपत्रात छापलेला इंग्रजी अनुवाद अधिकृत इंग्रजी पाठ ठरतो. परभणीच्या तालुका न्यायालयात साक्ष मराठीत होते, तहसीलदाराचा आदेश मराठीत निघतो, पण त्याच जमिनीचा वाद खंडपीठात गेला की निकाल इंग्रजीत येतो. ज्याची जमीन गेली किंवा राहिली, त्याला ती का, हे स्वतः वाचता येत नाही. भाषा संचालनालय 1960 पासून काम करते आहे. केंद्राच्या महत्त्वाच्या कायद्यांचे मराठी अनुवाद आणि न्याय व्यवहार कोश ही त्याची मोलाची कामगिरी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकालही आता यंत्राच्या मदतीने मराठीत येऊ लागले आहेत. मात्र कायद्यात दुरुस्ती झाली की अनुवादातही ती लगेच झाली पाहिजे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम 4 सांगते की सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करावा. हा नियम कायद्याच्या पाठालाच लागू करायला नको का?

तिसरी अडचण जुन्या दप्तरांची आहे आणि ती मराठवाड्याला जितकी भोवते तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाला भोवत असेल. निजामकाळातला महसुली कारभार मुख्यतः उर्दूत होता, इनामांचे आणि त्यांच्या चौकशीचे (अतियात) कागद त्यातच आहेत. हैदराबाद राज्याचे तुकडे झाल्यावर त्यांतली बरीच दप्तरे हैदराबादेतच राहिली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा प्रश्न आला, तेव्हा सप्टेंबर 2023 मध्ये नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला मराठवाड्यातली जुनी दप्तरे धुंडाळावी लागली आणि हैदराबादेतही शोध घ्यावा लागला. 2 सप्टेंबर 2025 रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय काढला. त्या निर्णयाबद्दल कुणाचे काहीही मत असो, एक गोष्ट सर्वांना मान्य व्हावी: एका मोठ्या सार्वजनिक प्रश्नाच्या पुराव्याचा काही भाग आपल्या राज्याबाहेरच्या कपाटात होता आणि तो सामान्य माणसाला सहज पाहता येत नव्हता. ही दप्तरे स्कॅन होऊन, मराठी सूचीसह खुली झाली असती, तर वादाची सुरुवात तरी कागदाच्या आधाराने झाली असती.

परदेशी कायद्याशी आपला काय संबंध, असे वाटेल. पण मराठवाड्यातून आखातात कामाला जाणाऱ्याला तो संबंध पहिल्याच दिवशी कळतो. संयुक्त अरब अमिरातीचा 2021 चा कामगार कायदा फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. कामगाराची अधिकृत कागदपत्रे मालकाने अडकवून ठेवू नयेत, असे तो सांगतो. ही माहिती तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजीतही आहे, पण दलालाच्या शब्दावर विमानात बसणाऱ्याला ती कुणी दाखवत नाही. जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथले अनेक कायदे इंग्रजी अनुवादात वाचता येतात. हा अनुवाद अधिकृत नाही, अशी सूचनाही तिथे असते. जगाचा कायदा शोधताना हीच शिस्त उपयोगी पडते. आधी त्या देशाच्या सरकारचे स्थळ, मग तिथल्या विद्यापीठांनी चालवलेली मुक्त संस्था, आणि सर्वांत शेवटी कुणीतरी लिहिलेला लेख.

कायदा असा सर्वांना खुला करण्यावर पहिला आक्षेप जाणकार वकीलच घेतील. कायदा वाचता आला म्हणजे कळला असे नाही, अर्ध्या ज्ञानाने माणूस चुकीचा दावा लावतो आणि पैसा व वर्षे दोन्ही घालवतो, असे ते म्हणतील. आक्षेपात तथ्य आहे. कलम 38-ई चा अर्थ लावायला पूर्ण पीठ बसावे लागले, तिथे मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या वाचनाने काय होणार? पण अर्धे ज्ञान धोक्याचे असते ते मुख्यतः चुकीच्या, जुन्या किंवा दुसऱ्या प्रदेशाच्या माहितीमुळे. त्यावरचा उपाय माहिती झाकून ठेवणे हा नव्हे, ती अचूक करणे हा आहे. शिवाय खुला कायदा वकिलाची जागा घेत नाही. आपल्या जमिनीला कोणता कायदा लागतो एवढे जाणणारा पक्षकार वकिलाला नेमके प्रश्न विचारतो, योग्य कागद घेऊन जातो आणि त्याची फसवणूकही कमी होते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने परभणीतही जिल्हा प्राधिकरण आहे आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत मदत मिळते. अनेकांना हा हक्कही माहीत नसतो, आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोचायला हवी याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

दुसरा आक्षेप काळाला धरून आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जमान्यात ऑनलाइन कायद्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीच न झालेले खटले दाखले म्हणून दिले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. ही घटना माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, बळच देते. ते खटले खोटे आहेत हे उघड झाले, कारण खरे निकाल तपासण्याची सोय होती. मूळ पाठ खुला असेल तर खोटे पकडले जाते. तो बंद असेल तर यंत्राचा शब्दच कायदा होऊन बसतो. तिसरा आक्षेप खासगीपणाचा. निकाल खुले झाले की घरगुती भांडणे आणि अत्याचार सोसलेल्यांची नावे जगासमोर येतात. ही काळजी खरी आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. त्यावर मार्ग म्हणजे निकालातले नाव झाकणे. निकालातला न्यायाचा तर्क झाकायचे कारण नाही. अनुवादावर विसंबून कुणी चुकले तर काय, असाही प्रश्न निघेल. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुवादित निकालावर इंग्रजी पाठच अधिकृत असल्याची टीप असते. तीच पद्धत सर्वत्र चालू शकते. स्वामित्वहक्क कायद्याचे तेच कलम 52 सांगते की सरकारी अनुवाद उपलब्ध नसेल तर कुणीही नागरिक कायद्याचा भारतीय भाषेत अनुवाद प्रसिद्ध करू शकतो. त्यावर हा अनुवाद शासनमान्य नाही असे ठळक लिहिले म्हणजे झाले.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी साधी आहे. महाराष्ट्रातला प्रत्येक लागू कायदा आजच्या तारखेच्या दुरुस्त मराठी पाठात एका ठिकाणी द्यावा. तो कोणत्या जिल्ह्यांना लागू आहे हे पहिल्याच ओळीत लिहावे. रद्द झालेल्या शासन निर्णयावर तसा शिक्का मारावा आणि तेलंगणाशी बोलून मराठवाड्याच्या दप्तरांच्या प्रती आणाव्यात. परभणीतल्या विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 1950 च्या कायद्याची दुरुस्त मराठी आवृत्ती करायला घेतली, तर तिचा उपयोग मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना होईल. तोवर वाचकांनी एवढे करावे. ऑनलाइन मिळालेला कायदा वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा: हा कुठला, हा केव्हाचा आणि हा कुणी दिला? तिन्हींचे उत्तर मिळाले नाही, तर त्या माहितीवर सही करू नका, व्यवहार करू नका. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. कायदा जाणून घेणे हा तुमचा हक्क आहे आणि तो मागायला तहसीलच्या पायरीपासूनच सुरुवात करायला हवी.